पेटीतली बाळं आणि बाहेरचे आम्ही

आमच्या ऑफिसात दोन गोष्टी साठत जातात. एक फायली आणि दुसरे किस्से. फायलींना कपाट आहे, कपाटाला कुलूप आहे, आणि किल्ली कोणाकडे असते याचीही एक फाईल आहे! किश्श्यांना मात्र जागा नाही. ते डबा खाताना निघतात, जिन्यात निघतात, कधी मीटिंगमध्ये भलत्या वेळी आठवतात आणि मग खोकल्याचं नाटक करावं लागतं.

मी नाशिकच्या एका हॉस्पिटलात नवजात बाळांच्या संशोधनावर काम करते. पदाचं नाव रिसर्च कोऑर्डिनेटर. माझ्या सासूबाई अजून शेजारणींना 'रिसेप्शनला असते' असंच सांगतात. जन्मल्यावर काही दिवसांतच ज्यांच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरतो, अशी बाळं कशी वाचतील आणि वाचलेली पुढे नीट वाढतात का, हे आम्ही शोधतो. म्हणजे शोधतात कुलकर्णी मॅडम. मी आईबापांची संमती घेते, फॉर्म भरते आणि बाळ घरी गेल्यावर ठरलेल्या तारखांना त्याची खबर घेते. कुंदा सिस्टर काचेच्या पेट्यांपाशी असतात. मृण्मयी फोन करते. एवढीच आमची टीम.

* * *

संमतीचा फॉर्म अकरा पानांचा आहे. मूळ इंग्रजी, मराठी भाषांतर कोणी केलं ते देवाला ठाऊक. आईबाप बहुतेक पहिलं पान बघतात, शेवटच्या पानावर सही करतात आणि विचारतात, "बाळ वाचेल ना?" हा प्रश्न अकरा पानांत कुठेच नाही.

एकदा सातपूरच्या एका कारखान्यातला क्वालिटी इन्स्पेक्टर आला. पहिली शिफ्ट करून तसाच, युनिफॉर्मवर. मुलगा दोन दिवसांचा, मशीनवर. मी फॉर्म दिला. त्याने खिशातून पेन काढलं आणि पहिल्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली. एकेक ओळ, पेनाचं टोक खाली ठेवून!

चौथ्या पानावर थांबला.

"ताई, हे बघा. 'आपले बाळ या अभ्यासातून केव्हाही माघार घेऊ शकते. त्यासाठी त्याला कोणतेही कारण द्यावे लागणार नाही.'"

"हो. म्हणजे तुमच्यावर सक्ती नाही."

"ते समजलं. पण ते अजून स्वतःचा श्वास घेईना आणि तुम्ही त्याला अभ्यासालाही बसवलं!"

मला हसू आवरेना. तोही हसला. हसता हसता त्याने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसला. मी खिडकीबाहेर बघितलं.

मग पुन्हा वाचायला लागला. सातव्या पानाचा आकडा दोनदा छापलाय, नवव्या पानावर एक वाक्य अर्धवट आहे, हे त्याने मार्जिनमध्ये लिहून दिलं. आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. शेवटी सही केली, तारीख घातली आणि खाली सवयीने लिहिलं: 'चेक्ड. ओके.'

पुढे कागदपत्रं तपासायला बाहेरून माणसं आली. त्यातल्या एकाने तो फॉर्म उचलून विचारलं, "हे कोण अधिकारी?"

मॅडम म्हणाल्या, "बाळाचे वडील."

"पण यांनी चुका दुरुस्त केल्यात."

"हो ना. तुमच्या आधी."

बाळ नवव्या दिवशी मशीनवरून निघालं. नवीन फॉर्मवर पानांचे आकडे बरोबर आहेत.

* * *

मृण्मयी पुण्याची. मराठी उत्तम, आवाज गोड, म्हणून फोनचं काम तिच्याकडे. रुजू झाली त्याच आठवड्यात तिने सटाण्याकडच्या एका गावात फोन लावला. बाळ आठ दिवसांपूर्वी घरी गेलेलं. फोन आजीने घेतला. रेंज तुटत होती.

"आजी, बाळ कसं आहे?"

पलीकडून आवाज आला, त्यातलं मृण्मयीला एवढंच ऐकू आलं: "पोऱ्या... बेस शे... दूध..."

मृण्मयीचा चेहरा पांढराफटक. फोन हाताने झाकून ओरडली, "मॅडम! बाळ बेशुद्ध आहे!"

मॅडम खुर्चीतून उठल्याच. "कधीपासून?"

मृण्मयीने विचारलं, "आजी, कधीपासून?"

"सकायपशी!" आजी ठणठणीत आवाजात म्हणाली आणि फोन कट झाला.

मग काय विचारता! पुन्हा फोन लागेना. मी तिथल्या आरोग्य केंद्रात फोन केला. तिथल्या नर्सताई लसीकरण सोडून स्कूटीवरून निघाल्या. मॅडम येरझाऱ्या घालत होत्या. मृण्मयी डोळे पुसत फॉर्ममध्ये लिहीत होती: 'सकाळपासून बेशुद्ध'.

वीस मिनिटांनी नर्सताईंचा फोन आला. मागे आजीचा आवाज: "काय जयं? काय जयं?"

"मॅडम, बाळ आईच्या मांडीवर आहे. दूध पितंय. तुम्हाला कोणी काय सांगितलं?"

कुंदा सिस्टर मूळच्या मालेगावच्या. त्या तेवढ्यात वॉर्डातून आल्या, सगळं ऐकलं आणि भिंतीला टेकून हसायलाच लागल्या.

"अगं बाई, अहिराणी आहे ती! पोऱ्या बेस शे, दूध पेस. म्हणजे पोरगं छान आहे, दूध पितंय! सकाळपासून पितंय!"

मृण्मयीने फॉर्मवरची ओळ खोडली. नियमाप्रमाणे खोडलेल्या ओळीशेजारी कारण लिहावं लागतं. तिने लिहिलं: 'भाषा.'

* * *

निफाडकडचे एक आजोबा होते. द्राक्षबागवाले. नात वेळेआधी आली, वजन नऊशे ग्रॅम, त्यात संसर्ग. आजोबांकडे बागेची एक वही असायची. कोणत्या दिवशी कोणती फवारणी, किती पाणी, सगळं त्यात. त्याच वहीत मागच्या पानापासून त्यांनी नातीचं वजन लिहायला घेतलं. रोज सकाळी दहाला दारात हजर.

"सिस्टर, आजचं?"

पहिल्या दिवशी नऊशे. मग आठशे ऐंशी. मग आठशे पन्नास. चौथ्या दिवशी आजोबा भडकले.

"अहो, वाढायचं सोडून रोज घटतंय! तुम्ही पोरीला देता तरी काय?"

मॅडम बाहेर आल्या. शांतपणे समजावलं. प्रत्येक बाळाचं वजन पहिले काही दिवस कमी होतं, शरीरातलं जादा पाणी जातं, वेळेआधी आलेल्यांचं जरा जास्तच घटतं. आजोबांनी ऐकून घेतलं. वही मिटली.

"म्हंजे रोप लावल्यासारखं."

"कसं?"

"नवं रोप लावलं की पहिले आठ दिवस मान टाकतंच. तेव्हा सारखं हात लावायचा नाय. मुळी धरू द्यायची. नवी पालवी फुटली की मग बघायचं."

मॅडमना ते इतकं आवडलं की आजोबांनाच त्यांनी दुसऱ्या दोन कुटुंबांना समजावून सांगायला लावलं! मग स्वतःही तेच सांगायला लागल्या. "घाबरू नका. रोप लावल्यावर पहिले आठ दिवस मान टाकतंच." लोकांना पटकन समजायचं. वजनाचे फोन कमी झाले.

मग एक दिवस गंगापूर रोडचं एक इंजिनियर जोडपं आलं. मॅडमनी रोपाचं सगळं रंगवून सांगितलं. मुळी, पालवी, सगळं. नवऱ्याने बायकोकडे बघितलं. बायकोने नवऱ्याकडे.

"डॉक्टर," तो नम्रपणे म्हणाला, "आमच्याकडे शेती नाहीये. मेडिकल भाषेत सांगितलंत तर बरं होईल."

आजोबांच्या नातीला वजन धरायला पंधरा दिवस लागले. ज्या दिवशी पुन्हा नऊशे भरलं, त्या दिवशी वहीत काय लिहिलंय ते कुंदा सिस्टरांनी वाकून बघितलं. आकड्याशेजारी एकच शब्द होता: 'पालवी.'

* * *

छोटा किस्सा. संशोधनातल्या बाळाला नाव नसतं, नंबर असतो. पेटीवर तोच स्टिकर. एक मुलगा बत्तीस नंबरचा. सव्वा महिना राहिला आमच्याकडे. आई रोज काचेबाहेरून विचारायची आणि आतून सिस्टर सांगायच्या, "बत्तीसने आज डोळे उघडले." "बत्तीसला ताप नाही." बारसं लांबत गेलं. आधी नाव ठेवलं तर दृष्ट लागेल, अशी सासरच्यांची भीती.

सहा महिन्यांच्या तपासणीला आली तेव्हा मी विचारलं, "काय नाव ठेवलं मग?"

"वेदांत," ती म्हणाली.

बाळ भिंतीवरच्या चित्राकडे बघत होतं. मी टाळ्या वाजवल्या, नावाने हाक मारली. ढिम्म. कानाची तपासणी लिहावी लागते की काय, असं मला वाटायला लागलं.

आई जरा संकोचली. मग हळूच म्हणाली, "ए बत्तीस!"

गर्रकन वळला!

* * *

कुंदा सिस्टर सहसा कोणाचं कौतुक करत नाहीत, पण सिन्नरच्या एका जीपवाल्याचं नाव निघालं की त्यांचा चेहरा बदलतो.

हा माणूस सिन्नर-नाशिक काळीपिवळी चालवायचा. अंगाने आडदांड, आवाज स्टँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. बायकोचं सिझेरियन झालं, तिला झटके आले, ती वेगळ्या वॉर्डात. मुलगी कमी वजनाची, संसर्गातून नुकती सावरलेली. आता तिला कोणाच्यातरी उघड्या छातीशी तासन् तास धरून ठेवायचं होतं. त्याने बाळाची ऊब टिकते, श्वास स्थिर होतो. आई नाही तर बापाने.

सिस्टरांनी त्याला सांगितलं, "शर्ट काढा."

"काय?"

"शर्ट काढा. आणि या खुर्चीत बसा."

"इथं? सगळ्या बायांसमोर?"

"आम्हाला वेळ नाही तुमच्याकडे बघायला."

तो लालबुंद झाला. पण बसला. सिस्टरांनी मुलगी त्याच्या छातीवर ठेवली, वरून कापड बांधलं. सांगितलं, "हलायचं नाही. मोठ्याने बोलायचं नाही." तो जो दगड झाला, तो झालाच. नाकावर माशी बसली तरी हात उचलेना. दोन तासांनी सिस्टरांनी विचारलं, "चहा?" त्याने डोळ्यांनीच नाही सांगितलं.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन वाजला. वॉर्डात फोन चालत नाही, पण हा काढायला विसरलेला. सिस्टर धावल्या, त्याच्या कानाला लावला. पलीकडून स्टँडवरचा दोस्त ओरडत होता, इतका की शेजारच्या पेटीपर्यंत ऐकू यावं, "अरे कुठंय तू? गाडी उभी हाय, पॅसेंजर बोंबलतायत!"

हा कुजबुजला, "गाडी भरली."

"कुठं भरली? रिकामी तर हाय!"

"एकच सीट हाय. बसलीय." मग मुलीकडे बघून म्हणाला, "आन् उतरायचं नाव घेईना. ठेव फोन."

अकरा दिवस बसला तो. बायको चालती झाली, मुलगी तिच्याकडे दिली, तेव्हा सिस्टरांना विचारत होता, "मी रातपाळीला बसलो तर चालंल का?"

* * *

संशोधनात एक भाग असा असतो जो समजावून सांगताना माझी जीभ अडखळते. अर्ध्या बाळांना नेहमीच्या औषधाबरोबर आणखी एक औषध मिळतं. उरलेल्या अर्ध्यांना नेहमीचं औषध मिळतंच, पण त्या जादा औषधाच्या पुडीऐवजी तशीच दिसणारी, औषध नसलेली साधी पुडी. कोणाला काय द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. आणि कोणाला काय मिळालं हे आईबापांना, सिस्टरांना, डॉक्टरांना, कोणालाच माहीत नसतं. तसं माहीत असलं तर आपण नकळत एकाकडे जास्त बघू, दुसऱ्याकडे कमी.

मखमलाबादकडच्या एक फुलवाल्या आजी होत्या. घरची शेवंती-झेंडू स्वतः बाजारात नेऊन विकणाऱ्या. नातू चार दिवसांचा, अंगाने पिवळा, हलवलं तरी हूं नाही. सून रडून थकलेली, मुलगा गप्प. बोलायचं काम आजींचं. कॉरिडॉरमधल्या बाकावर मांडी घालून बसल्या होत्या. मॅडम स्वतः समजावत होत्या, उभ्यानेच.

"म्हंजे चिठ्ठ्या टाकायच्या," आजी म्हणाल्या.

"तसंच काहीसं."

"मग माझ्या हातानं काढते. माझा हात चांगला हाय."

"आजी, चिठ्ठी कॉम्प्युटर काढतो."

"त्याला पोरंबाळं हायेत का?"

मॅडमनी नकारार्थी मान हलवली.

"नाय ना? मग त्याला काय ठाऊक?"

"त्याला काहीच ठाऊक नसतं आजी, म्हणून तर त्याला काढायला लावतो. माणूस काढेल तर आपल्या माणसाची बाजू घेईल."

 हे आजींना पटलेलं दिसलं. बाजारात वजनकाट्यापाशी आयुष्य गेलेलं.

"बरं. मग आमच्या पोराला कंची पुडी आली, ते तुम्ही मला नंतर गुपचूप सांगा."

"मला माहीत नसतं."

"तुम्हाला?"

"नाही."

"मोठ्या डॉक्टर ना तुम्ही?"

"हो. पण मलाही माहीत नसतं. सकाळी उठून मीही बघायलाच येते, कसा आहे ते."

आजींनी मॅडमच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं. मग बाकावर बाजूला सरकल्या, पदराने जागा पुसली.

"मग तुम्हीबी आमच्यातल्याच की! बसा."

मॅडम बसल्या. राउंडला चाळीस मिनिटं उशीर झाला. नातू सोळा दिवसांनी घरी गेला. कोणती पुडी होती, ते अजून कोणालाच माहीत नाही.

* * *

सहा महिन्यांच्या तपासणीचा दिवस होता. अशा दिवशी आमच्या खोलीबाहेर आयांची रांग असते, मांडीवर बाळं, खाली खुळखुळे. बाळ घरी जाताना आम्ही एक पिवळं कार्ड देतो. त्यावर पुढच्या तारखा असतात.

मी नंबर पुकारला. पेठ रोडवरच्या एका गावातली मुलगी आत आली, बाविशीची असेल. नाव जयश्री. तिच्या मुलीला आम्ही पंचवीस दिवस ठेवून घेतलं होतं आणि बरी करून घरी पाठवलं होतं. तिने कार्ड टेबलावर ठेवलं. खांद्याला कापडी पिशवी. मी तिच्या मागे बघितलं.

"बाळ कोणाकडे आहे?"

"नाही ताई."

"घरी ठेवलं का?"

"गेल्या महिन्यात गेली. ताप आला. दवाखान्यात नेईपर्यंत गेली."

फोन बंद झाला होता त्यांचा. आम्हाला कळलंच नव्हतं. कोपऱ्यातल्या टेबलावर मॅडम काहीतरी लिहीत होत्या, त्यांचं पेन थांबलं.

"मग तू एवढ्या लांब..."

"तुम्ही तारीख दिली होती ना," ती म्हणाली.

अशा वेळी कॉम्प्युटरवरचा फॉर्म मधली सगळी पानं वगळून थेट शेवटच्या पानावर नेतो. केव्हा, कुठे, आधी काय झालं होतं. मी विचारलं. तिने सांगितलं. पाच मिनिटं लागली.

"झालं?" ती म्हणाली.

"हो."

"बाकीच्यांना लय वेळ विचारता तुम्ही. मी बाहेर बसून ऐकत होते."

"ते वाढीचे प्रश्न असतात. बाळ काय काय करतं, त्याचे."

"मग मला विचारा ना. मला सगळं ठाऊक हाय."

मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. कॉम्प्युटर मागच्या पानावर जाऊ देईना. मी कपाटातून कागदाचा फॉर्म काढला.

"आईकडे बघून हसते का?"

"हसायची. दीड महिन्याची असताना पहिल्यांदा हसली. माझ्याकडं बघून नाही, शेजारच्यांच्या म्हशीकडं बघून."

"आवाजाच्या दिशेने मान वळवते का?"

"सासऱ्यांच्या खोकल्याला वळवायची. माझ्या हाकेला पण."

"मान धरते का?"

"धरली होती. पार ताठ."

"पालथी पडते का?"

"कुशीवर व्हायची. मग हात खाली अडकायचा आणि ओरडायची. काढून दिला की परत तेच."

"आधाराने बसते का?"

तिने आठवून बघितलं.

"नाही. ते नाही केलं तिनं."

मी पेन खाली ठेवलं.

"पुढचं विचारा," ती म्हणाली.

पुढे आणखी नऊ प्रश्न होते. मी एकेक वाचला. प्रत्येकाला ती नीट ऐकून, विचार करून 'नाही' म्हणाली. मी टिक करत गेले. शेवटी तिने सही केली. पिवळं कार्ड माझ्यापुढे सरकवलं.

"पुढची तारीख?"

मी कार्ड हातात धरून बसले. मॅडम उठल्या, माझ्या हातातून कार्ड घेतलं, भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली आणि वर्षाच्या तपासणीची तारीख लिहून दिली.

तिने ती वाचली.

"गुरुवार पडतो," ती म्हणाली. "जमेल मला."